मोर्चातला पाहुणा

(सानगडी, जि. भंडारा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

धान घरात आले की झाडीपट्टीत नाटकांचे दिवस सुरू होतात. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, शंकरपट होतो आणि रात्री वडसा-देसाईगंजच्या एखाद्या मंडळीचे नाटक उभे राहते. मुंबई-पुण्याचा चित्रपटातला नट त्या नाटकात पाहुणा म्हणून येणार असला तर फलकावर त्याचेच छायाचित्र सर्वांत मोठे असते. लोक त्याला पाहण्यासाठी येतात, हे खरे. परंतु पहाटेपर्यंत प्रेक्षकाला बसवून ठेवतो तो याच मातीतला नट, याच भागातला पेटीवाला आणि तबलजी. झाडीपट्टीच्या प्रेक्षकाला हे नीट कळते. पाहुण्याला तो टाळी देतो, पण नाटकाचा निवाडा पाहुण्यावरून करीत नाही.

ही पाहुण्याची रीत आता आंदोलनातही रुळली आहे. धानखरेदी केंद्र वेळेवर उघडत नाही, चुकारे रखडतात, बोनसची घोषणा कागदावरच राहते, म्हणून मोर्चा काढायचे ठरते. मग बैठकीत कोणीतरी म्हणतोच, ‘एखादा नावाजलेला माणूस आणता आला तर वर्तमानपत्रे दखल घेतील.’ दुसरा लगेच म्हणतो, ‘तो फोटो काढून निघून जाईल आणि प्रश्न इथेच राहील.’ दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, म्हणूनच हा विषय टिंगलीवारी न नेता त्याचा विचार केला पाहिजे. नामवंत माणूस निदर्शनाच्या जागी येऊन उभा राहिला की समाज त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहतो, ती नजर कोठून येते आणि चळवळीचे त्यात हित किती, अहित किती, हे तीन प्रश्न येथे तपासावयाचे आहेत.

प्रथम एकाच माणसाच्या दोन अनुभवांकडे पाहू. एप्रिल २००६ मध्ये दिल्लीला जंतरमंतर येथे मेधा पाटकर उपोषणाला बसल्या होत्या. सरदार सरोवर धरणाची उंची ११०.६४ मीटरवरून १२१.९२ मीटरपर्यंत नेण्यास परवानगी मिळाली होती, आणि पुनर्वसनाआधी पाणी चढवू नये एवढीच मागणी होती. त्या ठिकाणी चित्रपट अभिनेते आमिर खान जाऊन बसले. धरण नको असे ते म्हणाले नाहीत. उठवलेल्या माणसांचे पुनर्वसन करा, इतकेच म्हणाले. मे महिन्यात त्यांचा ‘फना’ हा चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा गुजरातेतील चित्रपटगृहांनी तो लावलाच नाही. माफी मागा, अशी मागणी झाली. त्यांनी ती मागितली नाही.

हेच आमिर खान दहा वर्षांनी, २०१६ साली, पाणी फाउंडेशनच्या वतीने महाराष्ट्रातील दुष्काळी तालुक्यांत श्रमदानाची स्पर्धा घेऊन आले. त्यांच्या हातातल्या कुदळीची छायाचित्रे सर्व पक्षांच्या लोकांनी आनंदाने पाहिली. मंत्री आले, अधिकारी आले, विरोधकही आले. विषय दोन्ही वेळा पाण्याचाच होता, माणूसही तोच होता. मग एका वेळी बहिष्कार आणि दुसऱ्या वेळी स्वागत, असे का झाले? कारण पहिल्या वेळी प्रश्न होता पाणी कोणासाठी आणि कोणाचे घर बुडवून, हा. दुसऱ्या वेळी प्रश्न होता पाणी कसे अडवावे, हा. पहिल्या प्रश्नाला प्रतिपक्ष होता, दुसऱ्याला नव्हता.

२०१५ साली नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांनी आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या कुटुंबांना मदत देण्यास आरंभ केला आणि ‘नाम’ ही संस्था उभी केली. विदर्भ-मराठवाड्यातील अनेक विधवा भगिनींच्या घरात त्या मदतीने चूल पेटली. त्या कार्याला कमी लेखण्याचे कारण नाही. पण त्याचेही स्वागत सर्वांनी एकमुखाने केले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. शेतकऱ्याच्या विधवेला साहाय्य करणारा नट सर्वांना हवा असतो. तिचा नवरा का मेला, कापसाचा भाव कोणी ठरवला, कर्ज कोणी नाकारले, असे विचारत तोच नट रस्त्यावर बसला तर त्याचे किती स्वागत होईल, याची कल्पना सहज करता येते.

याचा अर्थ असा की, ‘कलावंताने आपल्या कलेपुरते पाहावे’ हा जो उपदेश नेहमी ऐकू येतो, तो मुळात कलावंताच्या सार्वजनिक जीवनातील प्रवेशाविरुद्ध नाही. दानधर्माला, स्वच्छतेच्या मोहिमेला, सरकारी योजनेच्या जाहिरातीला त्याने यावे, अशी तर विनंती केली जाते. आक्षेप आहे तो बाजू घेण्याला. त्यातही बलवानाविरुद्ध बाजू घेण्याला.

दुसरा आक्षेप असतो अज्ञानाचा. ‘नटाला धरणातले काय कळते, खेळाडूला शेतीतले काय कळते?’ हा आक्षेप वरवर पाहता बिनतोड वाटतो. परंतु आपल्या राज्यघटनेच्या ८० व्या अनुच्छेदाने साहित्य, शास्त्र, कला आणि समाजसेवा या क्षेत्रांतील बारा जाणकारांना राज्यसभेवर नियुक्त करण्याची तरतूद केली आहे. या वाटेने लता मंगेशकर १९९९ ते २००५ आणि सचिन तेंडुलकर २०१२ ते २०१८ या काळात राज्यसभेचे सदस्य होते. गायिकेला आणि फलंदाजाला देशाचे कायदे करण्याच्या सभागृहात बसवणाऱ्या समाजाने, त्यांना मोर्चातले काही कळत नाही, असे म्हणावे यात सुसंगती नाही. उलट दिशेनेही हीच स्थिती आहे. खेळाडूने राजकारणात तोंड घालू नये, असे सांगणारे राजकारण वर्षानुवर्षे क्रिकेट मंडळांच्या खुर्च्यांवर आरामात बसले आहे.

आणखी एक गोष्ट. मोर्चात येणारा विडी कामगार किंवा तेंदूपाने तोडणारी मजूर स्त्री अर्थशास्त्राची परीक्षा उत्तीर्ण होऊन येत नाही. तिला आपली मजुरी आणि किराण्याचा हिशेब कळतो, तेवढे ज्ञान निषेधाला पुरेसे असते. मग नटाकडून पदवीची अपेक्षा का करावी? नागरिकाला मत देण्यासाठी जेवढे ज्ञान पुरेसे मानले जाते, तेवढे निदर्शनाला उभे राहण्यासाठीही पुरेसे मानले पाहिजे. अर्थात उभे राहणे वेगळे आणि तज्ज्ञ म्हणून निर्वाळा देणे वेगळे. ही मर्यादा नामवंताने पाळावी आणि चळवळीनेही पाळावी.

पण साथींनो, येथवर प्रतिपक्षाचे दोष मोजले. आता स्वतःच्या अंगणात पाहण्याचे धैर्य दाखविले पाहिजे. २०२१ च्या फेब्रुवारीत, दिल्लीच्या सीमांवर शेतकरी थंडीत बसले असताना, रिहाना या परदेशी गायिकेने ट्विटरवर एका ओळीत विचारले की, याविषयी कोणी बोलत का नाही. दुसऱ्याच दिवशी, ३ फेब्रुवारीला, भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने त्यावर निवेदन काढले. एका गायिकेच्या एका ओळीला एवढ्या मोठ्या राष्ट्राच्या मंत्रालयाने उत्तर द्यावे, हीच त्या ओळीची खरी पावती होती. पाठोपाठ लता मंगेशकर, सचिन तेंडुलकर आणि इतर अनेक नामवंतांनी, देशाने एक राहावे, बाहेरच्यांनी यात पडू नये, अशा आशयाचे संदेश दिले. कित्येकांचे शब्द एकमेकांशी विलक्षण जुळत होते.

तेव्हा पुरोगामी म्हणवणाऱ्यांची प्रतिक्रिया काय झाली? कोचीमध्ये युवक काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी सचिनच्या प्रतिमेवर काळे तेल ओतले. आपल्या क्षेत्राबाहेरच्या विषयावर बोलताना सचिनने काळजी घ्यावी, असा सल्ला शरद पवारांनी दिला. महाराष्ट्राच्या तत्कालीन गृहमंत्र्यांनी या संदेशांची चौकशी करण्याचे सूतोवाच केले. पुढे टीका झाल्यावर, चौकशीचा रोख नामवंतांवर नसून त्यांच्यामागील प्रचारयंत्रणेवर आहे, असा खुलासा त्यांना करावा लागला. म्हणजे नर्मदेच्या वेळी जो युक्तिवाद चुकीचा ठरवला, तोच या वेळी आपल्या बाजूच्या तोंडी आला. रिहानाने बोलावे आणि सचिनने गप्प बसावे, किंवा सचिनने बोलावे आणि रिहानाने गप्प बसावे, या दोन्ही भूमिका एकाच मापाच्या आहेत. सचिनचे म्हणणे चूक होते असे ज्यांना वाटले, त्यांनी ते किमान हमीभावाच्या आकड्यांनी खोडून काढायला हवे होते. तेलाने आकडे खोडता येत नाहीत. अखेरीस त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिन्ही कृषी कायदे मागे घेतले गेले, ते ना कोणाच्या ट्विटमुळे, ना कोणाच्या प्रतिमेवरील तेलामुळे. वर्षभर रस्त्यावर बसलेल्या शेतकऱ्यांमुळे ते घडले.

तिसरी प्रतिक्रिया संशयाची आहे आणि ती सर्वांत खोल आहे. ७ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी दीपिका पदुकोण जवाहरलाल नेहरू विद्यापीठात गेल्या. दोन दिवसांपूर्वी तेथील विद्यार्थ्यांवर हल्ला झाला होता. त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या, भाषण न करता परतल्या. तीन दिवसांनी त्यांचा ‘छपाक’ हा चित्रपट लागणार होता. एका बाजूने लोक म्हणाले, हा चित्रपटाच्या जाहिरातीचा प्रकार आहे. चित्रपटावर बहिष्काराची हाक आली. दुसऱ्या बाजूने लोक म्हणाले, तिकिटे काढून तिच्या पाठीशी उभे राहा. गंमत अशी की, दोन्ही बाजूंनी विद्यार्थ्यांच्या प्रश्नाचा निकाल तिकीटखिडकीवर लावायचे ठरवले. विद्यार्थ्यांची डोकी कोणी फोडली, हा प्रश्न मागे पडला आणि चित्रपटाचा गल्ला किती झाला, हा प्रश्न पुढे आला.

येथे अर्थशास्त्राचा थोडा आधार घेता येईल. प्रसिद्धी हे एक प्रकारचे भांडवल आहे. ते कष्टाने साठते, त्यावर व्याज मिळते आणि चुकीच्या ठिकाणी गुंतवले तर बुडतेही. ज्याच्या नावावर जाहिरातदारांचे करार उभे आहेत, त्याचे प्रत्येक वाक्य हा त्या भांडवलाचा व्यवहार असतो. सामान्य माणसाला हा व्यवहार उपजत कळतो. म्हणून तो एकच प्रश्न विचारतो: ‘याचे यात काय गेले?’ जर काही गेले नसेल, उलट काही मिळालेच असेल, तर तो हसतो. काही गेले असेल तर त्याचा हात आपोआप नमस्काराला जुळतो.

हे माप योग्य आहे, परंतु ते सर्वांना सारखे लावले पाहिजे. मोर्चाला आलेल्या शेतमजूर बाईचा त्या दिवसाचा रोज बुडालेला असतो. तिच्या मिळकतीच्या प्रमाणात पाहिले तर एका दिवसाच्या रोजाची किंमत मोठ्या नटाच्या एखाद्या जाहिरातीहून जास्त भरेल. तिचे नाव मात्र छापून येत नाही. दुसरीकडे, बहिष्काराचा फटका सर्वांत मोठ्या नटाला सर्वांत कमी बसतो. त्याचे पुढचे दहा चित्रपट ठरलेले असतात. डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईच्या ऑगस्ट क्रांती मैदानावर नागरिकत्व कायद्याविरुद्ध जी सभा झाली, तिला गेलेल्या सुशांत सिंह या अभिनेत्याचे ‘सावधान इंडिया’ या मालिकेतील काम त्याच सुमारास संपले. दूरचित्रवाणीवरील मासिक उत्पन्नावर जगणारा कलावंत असे उदाहरण पाहतो आणि मनाशी काय ते ठरवतो. बहिष्काराचा खरा हेतू हाच असतो. बहिष्कार एका मोठ्या माणसाला बुडवत नाही, पण शंभर लहान माणसांना बोलण्यापासून परावृत्त करतो. कारखान्यात एकाला कामावरून काढून बाकीच्यांना धाक घालण्याची जी पद्धत कामगार चळवळीला चांगली ठाऊक आहे, तिचेच हे दुसरे रूप.

आता हाच ताळेबंद घेऊन थोडे मागे जाऊ. विदर्भाला प्रसिद्ध माणूस चळवळीत येण्याचे नवल नाही. १९४२ साली तुकडोजी महाराजांची खंजिरी गावोगाव घुमत होती. त्यांच्या भजनाला जमणारी गर्दी कोणत्याही पुढाऱ्याच्या सभेला हेवा वाटावा अशी होती. चिमूर-आष्टीचा उठाव झाला त्या ऑगस्टमध्ये इंग्रज सरकारने त्यांना अटक केली आणि नागपूर व रायपूरच्या तुरुंगात ठेवले. भजन म्हणणाऱ्याने राजकारणात का पडावे, असे तेव्हा सरकारने विचारले असेल; पण गावकऱ्यांनी विचारले नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शाहीर अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि गवाणकर यांना पाहुणे कलावंत म्हणून कोणी बोलावले नव्हते. लाल बावटा कलापथक १९४४ पासून गिरणी कामगारांच्या वस्तीत उभे होते. ते लढ्यातले सैनिकच होते आणि त्यांची कीर्तीही लढ्यातूनच वाढली. येथे प्रसिद्धी आधी आणि चळवळ नंतर, असा क्रम नव्हता. म्हणून संशयाला जागाच नव्हती.

आणीबाणीच्या काळात दुसऱ्या प्रकारची उदाहरणे दिसली. १९७५ च्या डिसेंबरात कराडच्या साहित्य संमेलनात यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष होते आणि अध्यक्षस्थानी दुर्गा भागवत. त्या व्यासपीठावरून दुर्गाबाईंनी जयप्रकाशजींच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करण्याचे आवाहन केले. पुढच्या वर्षी त्या तुरुंगात होत्या. १९७७ च्या निवडणुकीत पु. ल. देशपांडे यांनी जनता पक्षासाठी सभा घेतल्या. लोक हसायला येत आणि विचार करीत परतत. सत्ताबदल झाल्यावर पु. ल. पुन्हा आपल्या लेखनाकडे वळले. सत्तेतला वाटा त्यांनी मागितला नाही. ‘याचे यात काय गेले आणि काय मिळाले’ या प्रश्नाला याहून स्वच्छ उत्तर कोणते? १९९६ साली युतीच्या सरकारने त्यांना पहिला महाराष्ट्र भूषण पुरस्कार दिला तेव्हाही त्यांनी ठोकशाहीविषयी आपली नापसंती लपवली नाही आणि त्याबद्दल सत्ताधाऱ्यांचा रोष ओढवून घेतला. ज्याने एकाच राजवटीविरुद्ध नव्हे, तर प्रसंग येईल तेव्हा दुसऱ्याही राजवटीला खडे बोल सुनावले, त्याच्या शब्दाला वजन येते.

निळू फुले आणि डॉ. श्रीराम लागू यांची आठवण तर समाजवादी चळवळीला वेगळी सांगायला नको. निळूभाऊ राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आले. पडद्यावर त्यांनी इतके पाटील आणि सरपंच खलनायक म्हणून रंगवले की खेड्यातल्या बायाबापड्या त्यांना पाहून बोटे मोडीत. पण तोच माणूस परिवर्तनाच्या चळवळींच्या व्यासपीठावर खाली सतरंजीवर बसलेला दिसे. सामाजिक कृतज्ञता निधीसाठी हे कलावंत ‘लग्नाची बेडी’ या नाटकाचे प्रयोग घेऊन महाराष्ट्रभर हिंडले, आणि त्या पैशांतून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना मानधन देण्याची सोय झाली. त्यांच्या कीर्तीच्या भांडवलावरचे व्याज चळवळीच्या खात्यावर जमा झाले. कार्यकर्त्याच्या घरची चूल पेटती ठेवणे हे एका दिवसाच्या छायाचित्रापेक्षा कितीतरी मोठे काम आहे.

मुंबईत १९८६ साली संजय गांधी नगरच्या झोपड्या पाडल्या गेल्या तेव्हा शबाना आझमी आणि चित्रपटकार आनंद पटवर्धन रहिवाशांसह उपोषणाला बसले. पाच दिवसांनी पर्यायी जमिनीचे आश्वासन मिळाले आणि ते लोक गोरेगावला गेले. शबाना नसत्या तर सरकार इतक्या लवकर हलले असते का, अशी शंका येते. म्हणजे नामवंताचा उपयोग होतो, हे मान्य केलेच पाहिजे. पण तेथे निवारा हक्क समितीची संघटना आधीच उभी होती, हेही तितकेच महत्त्वाचे. नामवंताच्या पाठीमागे संघटना असली तर प्रसिद्धी कामी येते. संघटना नसली तर ती गर्दीबरोबर ओसरते. ऑगस्ट २०११ मध्ये दिल्लीच्या रामलीला मैदानावर अण्णा हजारे यांच्यामागे लोटलेला जनसागर आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबईच्या मैदानावर दिसलेल्या मोकळ्या जागा, यांतले अंतर अवघे चार महिन्यांचे होते.

याहून एक कठोर गोष्ट भंडारा जिल्ह्यातच सांगितली पाहिजे. २००६ च्या वसंतात जंतरमंतरवर नट आला म्हणून सारा देश दोन महिने बोलत होता. तरी त्या बोलण्यात महाराष्ट्राची ३३ बुडीत गावे किती वेळा आली, हा प्रश्न आहेच. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला याच जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यात, खैरलांजी येथे एका दलित कुटुंबातील चौघांची निर्घृण हत्या झाली. तेथे कोणी प्रसिद्ध चेहरा धावून आला नाही. सुमारे महिनाभर देशाच्या मोठ्या वृत्तपत्रांनी त्या घटनेचे गांभीर्य ओळखले नाही. नोव्हेंबरमध्ये नागपूर, अमरावती, यवतमाळ येथील तरुण रस्त्यावर उतरले, लाठ्या खाल्ल्या, तेव्हा कोठे जाग आली. त्या तरुणांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. ‘नामवंत इथे का आले?’ हा प्रश्न नेहमी विचारला जातो. ‘इथे का आले नाहीत?’ हा प्रश्न क्वचित. प्रसिद्धीचा प्रकाश जेथे आधीच दिवा आहे तेथेच अधिक पडतो. नर्मदेच्या विस्थापितांना जेवढी प्रसिद्धी मिळाली तिचा अंशही वैनगंगेकाठच्या गोसीखुर्दच्या विस्थापितांना मिळाला नाही, आणि त्या धरणाची पायाभरणी तर १९८८ साली पंतप्रधानांच्या हस्ते झाली होती.

म्हणून चळवळीला स्वतःचे चेहरे घडवावे लागतात. मार्च २०१८ मध्ये किसान सभेचा मोर्चा नाशिकहून मुंबईला पायी निघाला. सुमारे १८० किलोमीटरची ती वाट होती. चालणारे बहुतेक आदिवासी होते. दहावीच्या विद्यार्थ्यांची परीक्षा अडू नये म्हणून त्यांनी शेवटचा टप्पा रात्रीतून चालून काढला. सकाळी मुंबईकरांनी पाहिले ते कोणा नटाचे मुख नव्हते. त्यांनी सोललेली, रक्ताळलेली पावले पाहिली. त्या पावलांसाठी लोक चपला घेऊन आले, पाणी आणि खाणे घेऊन आले. प्रसिद्धीसाठी नामवंत हवाच, या समजुतीला त्या पावलांनी उत्तर दिले आहे.

आणि गर्दी म्हणजे बळ, या समजुतीचे उत्तर तर भंडाऱ्याने १९५४ सालीच दिले आहे. त्या वर्षी येथील लोकसभेच्या दोन जागांसाठी पोटनिवडणूक झाली. प्रत्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर राखीव जागेवर उभे होते. त्या काळी देशात त्यांच्याहून मोठे नाव ते कोणते? त्यांच्या सभांना माणसे लोटली. तरीही निकालात काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता विजयी झाले. तेही मुंबईहून आलेले प्रख्यात नेते होते. पुढे १९६३ साली त्यांनी नियोजन आयोगाचे उपाध्यक्षपद स्वीकारले आणि पक्षापासून ते दुरावले. यावरून दोन बोध घेण्यासारखे आहेत. मोठ्या नावाला येणारी गर्दी आपोआप मतात उतरत नाही. आणि मोठे नाव जवळ आले म्हणून ते जवळच राहील असे नाही. राहतात ती गावातली माणसे.

तर मग धानाच्या मोर्चाला नामवंताला बोलवावे की नाही? बोलवावे. यायचे असेल त्याला वाट मोकळी असावी, कारण निषेधाचा हक्क प्रत्येक नागरिकाचा आहे, मग त्याची छबी फलकावर असो वा नसो. पण काही पथ्ये पाळावीत. पहिले पथ्य हे की, त्याला आधी खरेदी केंद्रावर न्यावे. २०२५-२६ च्या हंगामात सर्वसाधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २३६९ रुपये ठरला. केंद्र बंद असल्यामुळे व्यापाऱ्याला त्याहून कमी भावाने धान घालावे लागते तेव्हा एका पोत्यामागे किती रुपये जातात, हे त्याने शेतकऱ्याच्याच तोंडून ऐकावे. दुसरे पथ्य हे की, पहिले भाषण शेतकऱ्याचे व्हावे आणि शेवटचेही. पाहुण्याने मध्ये बोलावे. तिसरे हे की, त्याच्यावर पुढे चिखलफेक झाली, काम गेले, बहिष्कार आला, तर चळवळीने त्याला एकटे सोडू नये. ज्याला मोर्चात हार घातला, त्याच्या अडचणीच्या दिवशी त्याच्या दाराशी जाण्याचे ऋण चळवळीवर राहते. आणि चौथे हे की, जो आला नाही त्याला भित्रा म्हणू नये, जो विरुद्ध बोलला त्याच्या प्रतिमेला तेल फासू नये. त्याला उत्तर द्यावे.

सामान्य माणसाचे ‘याचे यात काय गेले?’ हे माप मात्र जपून ठेवावे. ते माप नामवंताला लावावे, पुढाऱ्याला लावावे आणि कार्यकर्त्याने दररोज स्वतःलाही लावून पाहावे. रोज बुडवून मोर्चाला आलेल्या बाईची त्या मापाला केव्हाही तयारी असते. तिच्या शेजारी येऊन बसण्याची ज्याची तयारी आहे, त्याला सतरंजीवर जागा करून द्यावी. मात्र त्या जागेसाठी तिला उठवू नये.